हृदयासाठी स्मार्टवॉच: आधी प्रश्न ठरवा, मग घड्याळ

लेखमाला : घरातली आरोग्ययंत्रे – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण घरी साखर मोजण्याच्या यंत्राची ओळख करून घेतली. या वेळचे यंत्र मनगटावरचे आहे. आईवडिलांनी साठी ओलांडली की मुले हौसेने त्यांना स्मार्टवॉच घेऊन देतात. खोक्यावर हृदयगती, ईसीजी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताणतणाव अशी भलीमोठी यादी असते आणि यादी जितकी लांब तितके घड्याळ चांगले, असा समज होतो. माझे म्हणणे असे की, हृदयासाठी घड्याळ घ्यायचे तर ही यादी बाजूला ठेवावी आणि आपल्याला हृदयाबद्दल नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते आधी ठरवावे. ठोक्यांचा ताल, रक्तदाब आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतले अडथळे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांपैकी पहिल्याच प्रश्नावर घड्याळाच्या शब्दाला वजन आहे.

याचे कारण घड्याळाच्या रचनेत आहे. ते उलटे करून पाहिले तर पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला किंवा हात हलत असला की हिशेब चुकतो; म्हणून स्वस्थ बसल्यावरचा आकडा धावतानाच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा. ईसीजीचे तंत्र निराळे आहे. एका मनगटावर घड्याळ बांधायचे, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या बटणावर किंवा धातूच्या कडेवर ३० सेकंद टेकवायचे. दोन हातांमधला विजेचा सूक्ष्म फरक नोंदला जातो. दवाखान्यात दहा इलेक्ट्रोड लावून बारा बाजूंनी नोंद घेतात, तिच्यातली ही एक बाजू. ताल बिघडला आहे का, हे पाहायला ती उपयोगी पडते. हार्ट अटॅक ओळखायला ती पुरत नाही, आणि ॲपलचे ईसीजी ॲप स्वतःच तशी सूचना देते.

तालाच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक सहभागी होते. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना, अनियमित नाडीची सूचना मिळाली. नंतर ज्यांनी ईसीजीची पट्टी छातीवर लावून नोंद पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत हा विकार दिसला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांच्या सूचना खोट्याच होत्या असे म्हणता येत नाही. पट्टी लावलेली असतानाच घड्याळाने सूचना दिली, तेव्हा ती ८४ टक्के वेळा खरी ठरली. सूचना मिळण्याचे प्रमाण चाळिशीच्या आतल्यांत ०.१६ टक्के, तर ६५ वर्षे आणि त्यापुढच्यांत ३.१ टक्के होते. म्हणजे ही सोय कुणाच्या मनगटावर कामाची, हे वयावर बरेच अवलंबून आहे.

यावर एक जाणता आक्षेप घेतला जातो: विकार सापडला म्हणजे पक्षाघात टळला का? आक्षेप रास्त आहे. डेन्मार्कमधल्या लूप अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या आणि आधीच धोका असलेल्या सुमारे सहा हजार लोकांपैकी काहींच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवले होते. त्यांच्यात विकार तिपटीने अधिक सापडला, पण पक्षाघात लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही लक्षणे नसलेल्यांची अशी सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नसल्याचे सांगितले. म्हणून निरोगी तिशीतल्या माणसाने केवळ धास्तीपोटी हे घड्याळ घेऊ नये. ज्यांना मधूनच धडधड होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबलेली असते, त्यांच्यासाठी मात्र त्या क्षणी घेतलेली ३० सेकंदांची नोंद मोलाची ठरते. डॉक्टरांनी वाचलेल्या अशा नोंदीवरून एट्रियल फिब्रिलेशनचे निदान करता येते, हे युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच मान्य केले आहे.

रक्तदाबाचे चित्र वेगळे आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे आपल्या घरांत हाच प्रश्न अधिक निकडीचा. पण सॅमसंगच्या घड्याळात रक्तदाब पाहायचा तर दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी त्याचा मेळ घालावा लागतो. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय उच्च रक्तदाबाची शक्यता सुचवते, आकडा देत नाही. शेवटी दंडाचे यंत्र लागतेच, मग आधी तेच का घेऊ नये?

"काहीच नसण्यापेक्षा घड्याळ बरे" असे अनेकांना वाटते. चालण्याची सवय लागावी एवढाच हेतू असेल तर ते खरे आहे, आणि त्याला साधे घड्याळही पुरते. धोका खोट्या दिलाशात आहे. छातीत दडपण आले, घाम फुटला, हात भरून आला आणि मनगटावर "ताल सामान्य" असे उमटले म्हणून माणूस घरी थांबला, तर उपचाराची मोलाची वेळ हातची जाते. धमनी बंद होत असतानाही ताल सुरळीत असू शकतो. अशा वेळी घड्याळ पाहू नये, १०८ ला फोन करावा.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. रक्तदाबाची काळजी असेल तर दंडाचे यंत्र. धडधड होत असेल किंवा पासष्टी उलटली असेल, तर डॉक्टरांशी बोलून ईसीजीचे घड्याळ; त्याच्या ईसीजीला आरोग्य-नियामकाची मान्यता आहे का आणि नोंद पीडीएफ करून डॉक्टरांना पाठवता येते का, एवढे तपासावे. सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ कुणी दाखवले, तर दुकानातून बाहेर पडावे. असे एकही घड्याळ मान्यताप्राप्त नसल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. एका कामाचा खोटा दावा करणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर विसंबण्याचे कारण नाही. दंडाचे यंत्र कसे निवडावे आणि हात कुठे टेकवून रक्तदाब मोजावा, ते पुढच्या लेखांकात पाहू.