धमन्यांचे काठिण्य व हृदयाचे आरोग्य : गांधीजींच्या रक्तदाबाच्या दोन नोंदी

१९३६ पासून वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम ही कर्मभूमी असलेल्या महात्मा गांधींचा रक्तदाब २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३०, तर १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असा नोंदलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या.

वरच्या व खालच्या दाबातील फरकास नाडीदाब म्हणतात. येथे तो ६४ वरून ११० झाला. वरचा दाब चढला, खालचा उतरला. महाधमनीच्या भित्तीतील लवचीक तंतू प्रत्येक ठोक्यास ताणले जातात व पुन्हा आकुंचन पावून प्रवाह अखंड राखतात. वयोमानाने हे तंतू झिजून ताठर कोलॅजन वाढते. परिणामी नाडीतरंग वेगाने जाऊन लवकर परततो व नाडीदाब रुंदावतो. हृदयावरील भार वाढतो. मात्र ज्या विश्रांतिकाळात हृदयस्नायूस रक्त मिळते, त्यातील दाब घटतो.

दोन नोंदींवरून निदान करता येत नाही, हे खरे. तथापि कृश व मिताहारी व्यक्तीही उच्च रक्तदाबापासून मुक्त नसते, हे त्यांवरून स्पष्ट होते. म्हणून उतारवयात केवळ वरचा आकडा न पाहता दोहोंतील फरकही नियमितपणे नोंदविणे अगत्याचे होय.