‘कितवा’ आणि ‘कोणता’ : संगणकातील नोंदींविषयी

शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला दोन क्रमांक लाभतात. हजेरी क्रमांक दर जूनमध्ये नव्याने पडतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र प्रवेशाच्या दिवशी एकदाच मिळतो आणि शाळा सोडून पन्नास वर्षे लोटली तरी त्याचाच राहतो. पहिला क्रमांक विद्यार्थी ‘कितवा’ हे सांगतो, दुसरा ‘कोणता’ हे सांगतो. ओवे येथील आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची सूची संगणकावर चढविताना हा भेद आम्हांला पदोपदी उपयोगी पडला. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पुढील विवेचन परिचयाचे वाटेल. ते मुख्यतः पालकांसाठी व आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवण्याचा एक सर्वमान्य प्रकार म्हणजे हॅशमॅप. त्यात प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते. किल्ली दिली की नोंद जवळजवळ तत्काळ हाती येते, मग नोंदी शंभर असोत वा दहा लाख. या पद्धतीची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली. नवशिक्याला मात्र लवकरच प्रश्न पडतो : या मॅपमधील तिसरी नोंद कशी काढावी?

उत्तरासाठी वसतिगृहातील पेट्यांची खोली डोळ्यांपुढे आणावी. तेथे ० ते १५ असे सोळा कप्पे आहेत. नियम एवढाच, की रजिस्टर क्रमांकाला सोळाने भागावे आणि जी बाकी उरेल त्या कप्प्यात पेटी ठेवावी. ८४६, १२०३, ४१७ आणि १४६० हे चौघे याच क्रमाने आले. त्यांच्या पेट्या अनुक्रमे १४, ३, १ आणि ४ या कप्प्यांत गेल्या. आता पहिल्या कप्प्यापासून पाहत गेलो तर ४१७, १२०३, १४६०, ८४६ असा क्रम दिसतो. हा ना आगमनाचा क्रम, ना संख्येचा. (१२१९ क्रमांकाचा विद्यार्थी आला तर त्याचीही बाकी ३ येईल; मग एकाच कप्प्यात दोन पेट्या ठेवून त्यांवरील क्रमांक वाचावा लागतो.)

खरी गंमत पुढे आहे. जावा भाषेतील हॅशमॅप आरंभी सोळाच कप्पे घेतो आणि तेरावी नोंद आली की कप्पे दुप्पट करतो. आता बत्तिसाने भागावे लागते. आपल्या चौघांच्या बाक्या १४, १९, १ आणि २० होतात आणि त्यांचा क्रम ४१७, ८४६, १२०३, १४६० असा पालटतो. चौघांतील दुसरा काल १२०३ होता, आज ८४६ झाला. कुणी आपली पेटी हलविली नव्हती, केवळ खोली वाढली. म्हणूनच हॅशमॅपला ‘तिसरा कोण’ हे विचारण्यात अर्थ नसतो. गो भाषेच्या कर्त्यांनी तर प्रत्येक फेरीत क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे, कुणी त्यावर विसंबू नये म्हणून. आम्हांला हा कठोरपणा योग्य वाटतो.

क्रम हवाच असेल तर तो वेगळा जपावा लागतो. जावातील लिंक्ड हॅशमॅप आगमनाचा क्रम राखतो, ट्रीमॅप किल्ल्यांचा चढता क्रम राखतो. पायथॉनच्या डिक्शनरीनेही ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, आगमनाच्या क्रमाची हमी दिली आहे. तरीही यांपैकी कोणताही प्रकार ‘तिसरा दे’ अशी थेट आज्ञा स्वीकारत नाही. पहिल्यापासून मोजत जावे लागते. वारंवार गरज असेल तर किल्ल्यांची वेगळी यादी करावी, यादीतून तिसरी किल्ली घ्यावी आणि तिने मॅपमधील नोंद उघडावी. नोंद काढून टाकताना मात्र दोन्हींकडून काढावी.

क्रमांक नेहमीच अविश्वसनीय असतो असे नाही. धम्मपदाची १८३वी गाथा म्हटले की जाणकारांना ती तत्काळ आठवते, कारण ४२३ गाथांचा तो क्रम स्थिर झाला आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांचेही तसेच. तेथे क्रमच किल्ली झाला आहे. वाढत्या सूचीत तसे होत नाही.

आपल्यासारख्या शाळेत हा विषय केवळ तांत्रिक नाही. जात पडताळणी समितीपुढे शाळेच्या रजिस्टरमधील नोंद महत्त्वाचा पुरावा ठरते; अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली बौद्धांना लागू झाल्यापासून आपल्या कित्येक कुटुंबांचे शिक्षण आणि नोकरी या कागदावर अवलंबून आहे. प्रोग्रॅमने ‘यादीतील चाळिसावा’ म्हणून नोंद उचलली आणि मधल्या काळात एक नाव वाढले, तर एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याची जन्मतारीख उमटेल, आणि कागद दिसायला निर्दोष असेल.

म्हणून आमच्या सूचीची किल्ली रजिस्टर क्रमांक हीच आहे. नाव किल्ली म्हणून चालत नाही. एकाच नावाचे दोघे असतात आणि विवाहानंतर अनेक भगिनींची आडनावे बदलतात. स्मरणिकेच्या परिशिष्टातील अकारविल्हे अनुक्रमांक केवळ छपाईपुरते आहेत. पुढील आवृत्तीत ते बदलतील. दाखल्याच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज करताना तो अनुक्रमांक न लिहिता जुन्या दाखल्यावरील जनरल रजिस्टर क्रमांक लिहावा; दाखला हरवला असल्यास प्रवेशाचे वर्ष, त्या वेळचे पूर्ण नाव आणि आईचे नाव कळवावे.