खरवई ते चर्चगेट, व्हाया सतार

सत्ताविसाव्या वर्षी सतार शिकायची, तीही मुंबई विद्यापीठात, आणि राहायचं बदलापूरच्या खरवईत! वेडेपणा? असेल. पण या वेडेपणाला टाइमटेबल आहे...

दुपारच्या बदलापूर लोकलच्या लगेज डब्यात कोण कोण असतं, माहितीये? मासळीच्या रिकाम्या टोपल्या, दुधाच्या रिकाम्या किटल्या, एक-दोन पार्सलवाले... आणि मी, चार फुटी सतारीसकट. पहिल्या दिवशी शहाण्यासारखी लेडीज डब्यात चढले होते. सतारीला उभं राहायला जागा मिळाली, मला नाही. ‘वीणा आहे का गं?’पासून ‘हिचंही तिकीट काढलंस का?’पर्यंत सगळं ऐकून झालं. अंबरनाथला लोंढा आत आला आणि कुणाची तरी पर्स थेट भोपळ्यावर आदळली. तेव्हापासून लगेज डबा जिंदाबाद. तिथल्या मावश्या सतारीला टोपल्यांच्या मधोमध बसवतात. वास येतो, पण धक्का लागत नाही.

खरवईतून शेअर रिक्षाने स्टेशन, लोकलने दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, मग चर्चगेट आणि तिथून चालत बी रोडवरचं विद्यापीठ विद्यार्थी भवन. जाता-येता पाच तास तरी मोडतात. क्लास किती वेळाचा, ते विचारू नका. तो हिशोब मी केव्हाच सोडलाय.

खरं तर मी तिथे गेले होते बातमीदार म्हणून. मास कम्युनिकेशन करून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं आणि ‘हटके कोर्सेस’ अशी एक टिपिकल स्टोरी हातात होती. संगीत विभागाची माहिती घ्यायची, दोन फोटो काढायचे आणि कलटी मारायची, एवढाच प्लॅन. पण आतल्या खोलीत कुणीतरी यमन वाजवत होतं. एकच तार, बोट त्याच पडद्यावर, आणि सूर मात्र वर चढत चढत चाललेला. पडदा न बदलता सूर बदलतो कसा? कळलं की याला मींड म्हणतात. तार बाजूला खेचायची आणि पुढचे सूर त्या ताणातून काढायचे. स्टोरी उशिरा गेली, अ‍ॅडमिशनचा फॉर्म मात्र वेळेत भरला.

आमच्या घरात गाणं म्हणजे गणपतीतली आरती. अशा घरातल्या मुलीला शंभर वर्षांपूर्वी कोणत्या उस्तादाने उभं केलं असतं? वाद्य घरात, घराण्यात शिकायचं, गुरूची मर्जी सांभाळायची, ही तेव्हाची रीत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1886 मध्ये मौलाबक्षांनी संगीतशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तेव्हापासून फी भरून, वर्गात बसून कुणालाही संगीत शिकता येऊ लागलं. मुंबई विद्यापीठाने साठच्या दशकाच्या अखेरीस स्वतःचं संगीत केंद्र उभं केलं. त्याचे पहिले संचालक होते अशोक दा. रानडे. गाता गळा आणि चिकित्सक डोकं, दोन्ही असलेला माणूस! संगीत नुसतं ऐकायचं नाही, त्याच्यावर विचारही करायचा, हे त्यांनी मराठी वाचकाला पुस्तकांमधूनही शिकवलं.

विद्यापीठ म्हटलं की सिलॅबस आला, थिअरी आली, परीक्षा आली. मसीतखानी गत सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठते, हे मी लोकलमध्ये बोटांवर मोजत पाठ केलंय. समोरचा माणूस मी व्याज मोजतेय असं समजला असेल. रझाखानी गत तिची चपळ धाकटी बहीण. हे सगळं पेपरात लिहिता येतं, मार्कही मिळतात. घराणेवाले नाक मुरडतात की बॅचमध्ये कलाकार घडत नाही. खरं आहे त्यांचं. पण बॅच नसती तर मी दारातही उभी राहिले नसते, हेही तितकंच खरं.

हात मात्र सिलॅबसने बसत नाही. उजव्या तर्जनीत मिजराब, म्हणजे तारेची नखी, चढवायची. पहिले काही आठवडे ती रक्त थांबवते की काय असं वाटतं. डाव्या हाताच्या दोन बोटांना तार कापते, चर पडते, चर सुजते, मग तिथे कातडी घट्ट होते. ऑफिसातल्या मैत्रिणी मॅनिक्युअरची कूपन्स पाठवतात, मी बोटांना खोबरेल लावते. पावसाळ्यात तर सॉलिड वैताग. आज लावलेली तार उद्या उतरलेली. पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे, त्यामुळे एखादा राग बदलला की पडदाही हलवावा लागतो. मुख्य तारांखाली तरफांच्या बारीक तारा. त्यांना कुणी छेडत नाही, वरचा सूर अचूक लागला की त्या आपोआप गुणगुणतात. सूर जरा चुकला की गप्प. इतका निष्ठुर परीक्षक विद्यापीठातसुद्धा नसेल.

त्या आदळलेल्या पर्सचा हिशोब नंतर चुकता झाला. भोपळ्याला केसाएवढी चीर गेली होती. ती हळूहळू वाढली आणि एक दिवस सूर चिरका येऊ लागला. मग कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी पकडून मिरज गाठलं. (हो, हीच ती गाडी जी जुलै 2019 मध्ये आमच्या बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती.) मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशातली माणसं आजही सतारी आणि तंबोरे घडवतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, लाकूड तुणाचं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. कारागिराने चीर बोटाने चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि लोकलने नेता का, एवढंच विचारलं. चीर सांधली, घोडी घासून जवारीही काढून दिली. तार आणि घोडी यांचा स्पर्श किती निसटता हवा, हे फक्त कानाने ठरतं. मी तास-दीड तास समोर बसून बघत होते आणि तरी मला ते जमणार नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात एका कंपनीकडून फुलटाइम ऑफर आली. पगार असा की आईने फोनवर दोनदा विचारलं, महिन्याचा की वर्षाचा? ऑफिस अंधेरीत, सुटायची वेळ अनिश्चित. म्हणजे क्लास बंद. ‘सतार काय, नंतरही शिकता येईल,’ आई म्हणाली. तिचं चुकलं नाही. वन आरकेचं भाडं सतार भरत नाही आणि मी काही मैफली गाजवणार नाही. सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने तो हट्ट धरूही नये.

अशा वेळी मला पं. अरविंद पारीख आठवतात. विलायत खाँसाहेबांचे शिष्य. मुंबईत मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय चालवला आणि सतारही वाजवली, शिकवली. 2018 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. अर्थात, कंपनी स्वतःची असली की मीटिंगची वेळ आपण ठरवतो, नोकरीत बॉस ठरवतो. म्हणून या उदाहरणाने मी स्वतःला फार फसवून घेत नाही.

ऑफर लाथाडली असं लिहिलं तर मी शूर वाटेन. प्रत्यक्षात मी आठवड्याचे तीनच दिवस मागितले, पगार त्या हिशोबात. ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवलेलं नाही. परीक्षा तोंडावर आहे आणि या महिन्याचं भाडं मी दोन लेख आगाऊ विकून भरलंय.

रियाझाची सोय मात्र लागलीय. खालच्या मजल्यावरचे काका एमआयडीसीत शिफ्टला जातात. पहिल्यांदा दारात आले ते नाइट शिफ्ट करून, लाल डोळ्यांनी. सकाळी नऊला माझे पलटे चालले होते. मी माफी मागितली, चहा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिफ्टचा महिन्याचा तक्ता झेरॉक्स करून आणून दिला. तो माझ्या फ्रिजवर, परीक्षेच्या टाइमटेबलशेजारी चिकटवलाय. ते घरात झोपलेले असतील तेव्हा मी थिअरी वाचते, ते कामावर असतील तेव्हा वाजवते. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘ते वर वर चढत जातं ना, ते हल्ली तुटत नाही मधे.’

या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट आहे. म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा, घर माझं.