कवचाआड दडलेलं नातं

मासळीबाजारात तिसऱ्यांचे वाटे आणि माकुलांचा ढीग शेजारी शेजारी मांडलेला असतो. तिसरी दोन शिंपांत घट्ट मिटलेली. तिला ना डोकं, ना दात. माकूल लांबट, मऊ, टपोऱ्या डोळ्यांचं, आठ हात आणि दोन लांब सोंडा घेऊन पाण्यात सुसाट पळणारं. पलीकडची सुरमई कण्याची, म्हणजे आपल्या गोतातली. कोळंबी कीटकांच्या बाजूची. तिसरी आणि माकूल मात्र एकाच, मृदुकाय प्राण्यांच्या संघातली. हे नातं अभ्यासकांनाही लवकर उमगलं नाही, कारण सगळ्यांची नजर कवचावर खिळलेली होती.

कार्ल लिनियसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅच्युरे’च्या दहाव्या आवृत्तीत कवचवाले प्राणी एका गटात घातले आणि उघड्या अंगाचे दुसऱ्यात. त्यामुळे शिंपले पडले खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलच्या पंक्तीला आणि माकूल जेलीफिश व तारामाशाच्या. १७९५ साली फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिएने आतली इंद्रियं पाहून नवी मांडणी केली, तेव्हा कुठे शिंपले, गोगलगायी आणि माकुलं एका घरात आली.

क्युव्हिएने पाहिलं ते आपल्या विळीवरही दिसतं. तिसरी उघडली की शिंपेला आतून चिकटलेला पातळ पडदा लागतो. तो प्रावार. कॅल्शियम कार्बोनेटचं कवच तोच घडवतो. मध्ये जिभेसारखा दिसतो तो तिचा पाय, वाळूत रुतण्यासाठी. बाजूला कल्ले, श्वास त्यांनीच आणि पाण्यातलं अन्न गाळणंही त्यांनीच. रिकामी शिंप उजेडात तिरकी धरली तर दोन टोकांना गुळगुळीत ठसे दिसतात. तिथे शिंपा मिटणारे स्नायू चिकटलेले असतात. बिजागरीचा लवचिक बंध शिंपा सतत उघडू पाहतो आणि जिवंत तिसरी स्नायूंच्या जोरावर त्या मिटून धरते. ती मेली की बंधाची सरशी होते. म्हणून तर आ वासलेली, टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी जाणकार गिऱ्हाईक बाजूला काढतं.

आता माकूल साफ करू. आपण ज्याच्या गोल चकत्या कापतो तो नळीसारखा भाग म्हणजे तोच प्रावार. तिसरीत तो कागदासारखा पातळ, इथे जाड स्नायूंचा. नळीतून प्लास्टिकसारखी पारदर्शक काडी ओढून काढतो, ते कवचाचं उरलेलं रूप. आणि पाय? हात, सोंडा आणि पाणी पिचकारून पुढे जायची नळी, हे सगळं पायाचंच रूपांतर. मला उत्क्रांतीचा याहून सुंदर धडा स्वयंपाकघरात दुसरा माहीत नाही. किनाऱ्यावर सापडणारं आणि आयुर्वेदात वापरलं जाणारं समुद्रफेन हेही असंच कटलफिशचं आतलं कवच. त्याच्या बारीक कप्प्यांतलं वायू आणि द्रवाचं प्रमाण बदलून तो पाण्यात हवा तसा तरंगतो.

संघाची आणखी एक खूण म्हणजे रॅड्युला, दातांच्या ओळी असलेली खरवडणारी फीत. शिंपल्यांनी ती गमावली, बाकी बहुतेकांनी जपली. भरतीरेषेच्या खडकांवर चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या लिंपेट या गोगलगायीच्या दातांत गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू असतात. २०१५ साली पोर्ट्समथ विद्यापीठातल्या चाचण्यांत ते कोळ्याच्या रेशमाहूनही मजबूत ठरले.

बार्नॅकलचं कोडं मात्र क्युव्हिएलाही सुटलं नाही. त्याने ते मृदुकायांतच ठेवले. १८३०च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यचिकित्सकाने त्यांची पोहणारी पिल्लं पाहिली. ती कवचधारी संधिपादांची निघाली. म्हणजे कालवांच्या खडकावरचे ते पांढरे टोकदार सुळके कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद.

याउलट १९५२ साली डेन्मार्कच्या ‘गॅलाथिया’ मोहिमेला कोस्टारिकाजवळ साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात टोपीसारख्या कवचाचा एक जीव मिळाला, जो खरोखरच मृदुकाय होता. निओपिलिना. त्याचा गट कोट्यवधी वर्षांपूर्वी संपल्याचं मानलं जात होतं. त्याच्या शरीरात कल्ल्यांच्या आणि स्नायूंच्या अनेक जोड्या एकापाठोपाठ एक आहेत.

आज या संघाचे सहसा आठ वर्ग मानतात. त्यांतले दोन वर्ग चक्क बिनकवचाच्या, अळीसारख्या समुद्री प्राण्यांचे. त्यांचं अंग बारीक चुनखडी काट्यांनी मढलेलं असतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी त्यांची जवळीक कायटनशी जोडली, ज्याच्या पाठीवर एक नाही, आठ पट्ट्यांचं कवच असतं.