फिरऔनच्या देशात सहा दिवस : थोडे पाहा, नीट पाहा

इजिप्तचे नाव निघाले की आपल्या घरांत पिरॅमिडच्या आधी हजरत मूसा (अ.) आणि फिरऔन आठवतात. मकतबमध्ये किंवा दादी-नानीच्या तोंडून ऐकलेला तो किस्सा मनात असतो. ती नील नदी, ती मंदिरे, ते मकबरे एकदा डोळ्यांनी पाहावेत अशी इच्छाही असते. आज ही इच्छा पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. मुंबईहून थेट विमान मिळाले तर कैरोला सुमारे सहा तासांत पोहोचता येते. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणातल्या भावांना तर ते आणखी जवळ आहे. उमरा आटोपून परतीच्या वाटेवर चार-सहा दिवस काढायचे म्हटले, तर जेद्दाहून कैरो दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर आहे.

अडचण येते ती वेळेची. हाताशी पाच-सहा दिवस आणि सहलीच्या जाहिरातीत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, अस्वान, अबू सिम्बेल अशी लांबलचक यादी! ही सगळी ठिकाणे सहा दिवसांत उरकता येतात, पण मग अर्धा वेळ गाडीत आणि विमानतळावर जातो. गुडघे दुखणारी अम्मी बसमध्येच बसून राहते, मुले कंटाळतात आणि वर्षानुवर्षे साठवलेला पैसा फोटोंमध्ये जिरतो. म्हणून या लेखाचा सल्ला सरळ आहे. प्राचीन मंदिरे आणि मकबरे पाहायचे असतील तर लक्सरला तीन दिवस द्या, कैरोला दोन द्या आणि बाकीचे या खेपेला मनाने सोडून द्या.

लक्सरच का?

कैरोपासून दक्षिणेला सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर, नीलच्या काठी हे शहर आहे. अरबीत त्याला ‘अल-उक्सुर’ म्हणतात, म्हणजे महालांचे गाव. ‘कस्र’ म्हणजे महाल, त्याचेच हे अनेकवचन. जुन्या काळी ही राजधानी होती. विमानाने कैरोहून तासाभरात पोहोचता येते. रेल्वेला नऊ-दहा तास लागतात. रात्रीच्या शयनगाडीने गेल्यास हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचते.

या शहराची रचना लक्षात आली की सहलीचा आराखडा आपोआप तयार होतो. सूर्य उगवतो तो पूर्व काठ जिवंत माणसांचा आणि देवळांचा. सूर्य मावळतो तो पश्चिम काठ मृतांचा, अशी जुन्या इजिप्शियन लोकांची समजूत होती. त्यामुळे कर्नाक आणि लक्सर ही मोठी मंदिरे पूर्वेला आहेत, तर राजांचे मकबरे पश्चिमेच्या डोंगरात. मुक्काम पूर्व काठावर केला तर लक्सर मंदिराजवळून सार्वजनिक बोटीने काही मिनिटांत नदी ओलांडता येते. मोटारीचा पूल शहराच्या दक्षिणेला बराच लांब आहे.

पहिला दिवस : पोहोचणे आणि विसावा

कैरोला उतरून त्याच दिवशी लक्सरकडे निघा. संध्याकाळी पोहोचलात तर फक्त नदीकाठी फिरा, जेवा आणि लवकर झोपा. खाण्याची चिंता नको. हलाल जेवण सगळीकडे आहे. भात, मसूर, मकरोनी आणि तळलेला कांदा यांची ‘कोशरी’ स्वस्त आणि पोटभर असते. बाकल्याच्या दाण्यांचे ‘फूल’ आणि गरम रोटी हा तिथला रोजचा नाश्ता आहे.

दुसरा दिवस : राजांची दरी

फजर पढून लगेच निघा. राजांची दरी सकाळी सहाच्या सुमारास उघडते. पहिल्या दोन तासांत गर्दी कमी आणि ऊनही सोसवणारे असते. या दरीत साठहून अधिक मकबरे सापडले आहेत. सर्वसाधारण तिकिटात तीनच पाहता येतात. तुतनखामुन, सेती पहिला, रामसेस सहावा अशा काही मकबऱ्यांना वेगळे तिकीट लागते. कोणते मकबरे उघडे ठेवायचे हे तिथले खाते आलटून पालटून ठरवते, कारण माणसांच्या श्वासातली आणि घामातली ओल भिंतींवरच्या रंगांना मारक आहे.

घरातल्या मोठ्यांसाठी निवड जपून करा. रामसेस चौथा आणि रामसेस नववा यांचे मकबरे प्रवेशाजवळ आहेत आणि त्यांचा उतार सौम्य आहे. याउलट तुतमोस तिसऱ्याच्या मकबऱ्यासाठी आधी उभा लोखंडी जिना चढावा लागतो, मग खोल उतरावे लागते. रामसेस दुसऱ्याचा मुलगा मर्नप्ताह याचा मकबराही खूप खाली जातो. तुतनखामुनचा मकबरा लहान आहे. तो १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना सापडला. त्याची ममी आजही तिथेच ठेवलेली आहे, सोने मात्र कैरोत आहे. गाईडला मकबऱ्याच्या आत बोलू देत नाहीत. म्हणून काय पाहायचे ते बाहेरच समजून घ्या.

परतताना हातशेप्सुतचे मंदिर पाहा. डोंगराच्या कड्याला टेकून उभे असलेले हे तीन मजली ओट्यांचे मंदिर एका स्त्री-राजाने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी बांधवले. भिंतीवर तिने पुंत नावाच्या दूरच्या देशी पाठवलेली गलबते कोरलेली आहेत. लोबान, सोने, झाडे घेऊन ती परतली. रस्त्यात सुमारे १८ मीटर उंचीचे मेमनॉनचे दोन पुतळे लागतात. ते पाहायला तिकीट नाही.

अकरा-बाराच्या आत हॉटेलवर परता. जोहर, जेवण आणि विश्रांती. मगरिबच्या सुमारास लक्सर मंदिरात जा. इथे दिव्यांच्या उजेडात खांब पाहता येतात. याच मंदिराच्या आवारात अबुल हज्जाज यांची मशीद आहे. तेराव्या शतकात ती बांधली गेली तेव्हा हे मंदिर वाळू-मातीत गाडले गेले होते आणि वर वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात खोदकाम झाले, जमीन खाली गेली आणि मशिदीचा जुना दरवाजा हवेत लटकल्यासारखा उंच राहिला. मशिदीत आजही नमाज होते. तिथे जायची वाट मंदिराबाहेरून, शहराच्या बाजूने आहे. इतिहासाचे थर एकावर एक कसे बसतात, हे मुलांना इथे एका नजरेत समजते.

तिसरा दिवस : मजुरांचे गाव

बहुतेक सहलींच्या यादीत हा दिवस नसतो. पण आमच्या मते तो सगळ्यात मोलाचा. पश्चिम काठावरच देर अल-मदिना नावाचे उजाड गाव आहे. राजांचे मकबरे खोदणारे, रंगवणारे कारागीर आपल्या बायका-मुलांसह इथे राहत. त्यांच्या घरांच्या पायाभिंती आजही दिसतात. राजासाठी काम करून उरलेल्या वेळात त्यांनी आपल्यासाठी छोटे मकबरे रंगवले. सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या मकबऱ्यातले रंग अजून ताजे वाटतात. शेत नांगरणारे नवरा-बायको त्या भिंतीवर आहेत. जिना अरुंद आणि उभा आहे. वयस्करांनी वर सावलीत थांबलेले बरे.

या मजुरांना पगार धान्यात मिळे. रामसेस तिसऱ्याच्या राजवटीच्या २९व्या वर्षी तो थकला. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, गाव सोडून ते राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले आणि ‘भूक-तहानेने आम्ही इथवर आलो’ अशा आशयाची तक्रार त्यांनी लिहून घ्यायला लावली. शेवटी धान्य द्यावे लागले. ही हकिकत एका पपायरसवर नोंदलेली असून तो आज इटलीतल्या तुरीन शहराच्या संग्रहालयात आहे. जगाच्या इतिहासात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो.

तिथून थोड्याच अंतरावर मदिनत हाबू, म्हणजे त्याच रामसेस तिसऱ्याचे भव्य मंदिर आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर सणांची आणि त्या दिवशी अर्पण करायच्या भाकरी-धान्याची लांब यादी कोरलेली आहे. मजुराचे पोट रिकामे आणि भिंतीवर धान्याची मोजदाद! मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना देतो. ती का दिली गेली, हे या दोन जागा लागोपाठ पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. मंदिर सपाट जमिनीवर आहे, त्यामुळे सगळ्यांना फिरता येते.

चौथा दिवस : कर्नाक, मग कैरो

सकाळी लवकर कर्नाकला जा. जवळजवळ दोन हजार वर्षे एकामागून एक राजे या मंदिरात भर घालत राहिले. मुख्य दालनात १३४ खांब आहेत. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच आहेत. मुलांना एक खेळ द्या. लांबट गोल चौकटीत कोरलेले चिन्ह म्हणजे राजाचे नाव. रामसेसचे नाव आधी कागदावर काढून द्या आणि खांबांवर शोधायला सांगा. ही लिपी शतकानुशतके कोणालाच वाचता येत नव्हती. १७९९ मध्ये रशीद गावी सापडलेल्या शिळेच्या आधारे १८२२ मध्ये शाम्पोलियों यांनी ती उलगडली.

कर्नाकपासून लक्सर मंदिरापर्यंत सुमारे २.७ किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना स्फिंक्स असलेला प्राचीन रस्ता आहे. २०२१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. दुपारनंतर कैरोचे विमान घ्या.

पाचवा आणि सहावा दिवस : कैरो

पाचव्या दिवशी सकाळी गिझाचे पिरॅमिड पाहा. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. आत जाण्याची वाट चिंचोळी, वाकून चढण्याची आणि कोंदट आहे. दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच पाहावा. तिसऱ्या, मेन्कौरेच्या पिरॅमिडच्या उत्तर अंगावर एक मोठी खाच दिसते. सुलतान सलाहुद्दीन यांचा मुलगा अल-अजीज उस्मान याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो पाडायला घेतला होता. आठ महिने खटपट करून नाद सोडावा लागला. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी हा प्रकार लिहून ठेवला आहे. याच विद्वानाने स्फिंक्सच्या चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेची वाखाणणीही केली. जवळच नवे भव्य संग्रहालय आहे. तुतनखामुनच्या मकबऱ्यातल्या वस्तू आता तिथे मांडल्या आहेत.

सहाव्या दिवशी फुस्तातला जा. तिथल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात राजघराण्याच्या ममी आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी २२ ममी मोठ्या मिरवणुकीने तिथे आणल्या गेल्या. रामसेस दुसरा आणि मर्नप्ताह यांच्यासमोर आपले लोक हमखास थांबतात आणि ‘हाच तो फिरऔन’ असे एकमेकांना सांगतात. इथे जरा सावध असावे. ‘फिरऔन’ हे एका माणसाचे नाव नव्हे, ती राजांची पदवी आहे. मूळ शब्दाचा अर्थ ‘मोठे घर’. हजरत यूसुफ (अ.) यांच्या काळच्या राजाला कुरआन फिरऔन म्हणत नाही, ‘मलिक’ म्हणतो. बुडालेल्या फिरऔनचे शरीर मागे राखल्याचा उल्लेख सूरह यूनुसमध्ये आहे, पण त्याचे व्यक्तिगत नाव कुरआनने दिलेले नाही. इतिहासकारांतही एकमत नाही. तेव्हा मुलांना खात्रीने नाव सांगण्यापेक्षा, जे सांगितले आहे तेवढेच सांगावे. गर्वाचा शेवट कळायला तेवढे पुरेसे आहे.

फुस्तातमध्येच हजरत अम्र इब्न आस (रजि.) यांच्या मशिदीची जागा आहे, इजिप्तमधली ही पहिली मशीद. कोकणातल्या शाफई कुटुंबांनी इमाम शाफई (रह.) यांच्या मजारीसाठीही थोडा वेळ ठेवावा. ती इथून फार लांब नाही.

निघण्यापूर्वी

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात लक्सरचा पारा चाळीसच्या वर जातो. रमजानमध्ये स्थळे लवकर बंद होतात, हे तारखा ठरवताना ध्यानात घ्या.

• भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. नियम बदलतात, म्हणून दिल्लीचा दूतावास किंवा मुंबईचा वाणिज्य दूतावास यांच्याकडूनच खात्री करा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक असावी. आधी व्हिसा, मग परत न मिळणारी तिकिटे, हा क्रम मोडू नका.

• बऱ्याच स्थळांच्या खिडकीवर रोख रक्कम घेत नाहीत. परदेशात चालणारे कार्ड जवळ ठेवा. विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय ओळखपत्रावर सवलत मिळते.

• ‘बक्षीस’ हा शब्द तिथेही हाच आहे आणि तो दिवसातून दहादा ऐकू येतो. सुट्टी नाणी-नोटा वेगळ्या ठेवा. टांगेवाला, नाववाला यांच्याशी बसण्याआधीच भाव ठरवा. नको असेल तर हसून ‘ला, शुक्रन’ म्हणा.

• सैल सुती कपडे, टोपी, मळलेले चालतील असे बूट, ओआरएसची पाकिटे, बाटलीबंद पाणी आणि वजूसाठी एक छोटी बाटली. मकबऱ्यात फ्लॅश लावू नका, भिंतीला हात लावू नका.

आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून निघण्याआधी एक काम करावे. सूरह यूसुफ आणि सूरह कसस तर्जुम्यासह एकदा वाचून घ्याव्यात. रोज रात्री अर्धा तास काढला तर आठवडाभरात होते. त्यानंतर नीलच्या काठी उभे राहिल्यावर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे गाईडकडे नसतील. ती अम्मी-अब्बांनाच द्यावी लागतील, इन्शाअल्लाह.