घरातल्या बैठकीचा खरा आवाज

स्टिरिओ विकत घेताना आपली मंडळी फार चोखंदळ असतात. किती वॉटचा, कुठल्या कंपनीचा, सेलमध्ये केवढ्याला मिळाला, याची चर्चा पॉटलकमध्ये तासभर रंगते. घरी आणल्यावर मात्र एक स्पीकर टीव्हीमागच्या कोपऱ्यात जातो, दुसरा कुंडीच्या आड, आणि ऐकणारा समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर. मग गाणे खोक्यातून आल्यासारखे वाटते आणि आपण आणखी महागड्या स्पीकर्सच्या जाहिराती पाहू लागतो. आवाज जिवंत वाटणे हे यंत्राच्या किमतीपेक्षा खोलीवर आणि मांडणीवर जास्त अवलंबून असते, आणि हा भाग जवळजवळ फुकट आहे.

आपल्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. इथे वाढणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांची अभिजात गाण्याशी पहिली ओळख समोर बसलेल्या गवयाकडून होत नाही, स्पीकरमधूनच होते. तिथे तानपुरा माशीसारखा गुणगुणला आणि डग्गा पिंपासारखा वाजला, तर मुलांना गाणेच तसे असते असे वाटेल.

स्टिरिओ म्हणजे नेमके काय? आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली दोन स्पीकर्समधून हा भास निर्माण करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या भासासाठी दोन्ही स्पीकर्स आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. स्पीकर्समध्ये आठ फूट अंतर असेल, तर आपणही प्रत्येकापासून आठ फुटांवर बसावे. फोनला जोडायच्या छोट्या एकाच डब्यात दोन्ही बाजूंचे कर्णे काही इंचांवर असतात, म्हणून त्यातून असा भास जवळजवळ मिळत नाही.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा कर्णा, कानाच्या उंचीवर हवा. स्टँड्स बहुधा सोफ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. आपण गादी-लोड टाकून खाली बसणार असू तर स्पीकर्स खाली घ्यावेत किंवा पुढे थोडे कलते करावेत.

आता खर्जाकडे वळू. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. १६ फूट लांबीच्या खोलीत जाऊन-येऊन ३२ फूट होतात. ११३० ला ३२ ने भागले की सुमारे ३५. म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांचा स्वर, आणि त्याच्या पटीतले ७०, १०५ वगैरे, त्या खोलीत उगीच फुगतात. डग्ग्याचा घुमारा याच परिसरातला. भिंतीला टेकून बसले की हा फुगवटा सर्वात जास्त जाणवतो; उलट खोलीच्या बरोबर मध्यावर ३५ चा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मागच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांश लांबीवर बसून पाहावे. स्पीकर्सही कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावेत. डग्गा एकदम सुटा होतो.

तिसरी गोष्ट बाजूच्या भिंतींची. स्पीकरचा आवाज थेट येतो तसाच भिंतीवर आपटूनही येतो, आणि लगोलग आलेला हा दुसरा आवाज पहिल्यात मिसळून सूर गढूळ करतो. यावर सोपा उपाय आहे. आपण जागेवर बसावे आणि घरातल्या कोणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवत न्यायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचे भरलेले कपाट ठेवावे किंवा जाड गोधडी टांगावी. आजीच्या गोधडीला इतका शास्त्रीय उपयोग क्वचितच मिळाला असेल! फरशी उघडी असेल तर मधे सतरंजी किंवा गालिचा अंथरावा. मात्र चारही भिंती झाकू नयेत, खोली मुकी होते.

आवाज किती मोठा ठेवावा? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान केला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून गायक समोर आठ फुटांवर बसला असता जितका आवाज आला असता तितकाच ठेवावा. न कमी, न जास्त. त्यासाठी फार वॉट लागत नाहीत. वॉट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

मांडणी जमली की नाही, हे आपल्याच संगीतावर पारखता येते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचे सारे ध्वनिमुद्रण मोनो. ते लावल्यावर आवाज दोन्ही स्पीकर्सच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून, आला पाहिजे. तो पसरलेला आणि पोकळ वाटला तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या आहेत का ते आधी पाहावे. दुसरी कसोटी तानपुऱ्याची. घोडीच्या किंचित गोलाईमुळे आणि जिव्हाळीच्या धाग्यामुळे त्याच्या तारेतून स्वरांची लांबलचक मालिका उमटते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिले होते. चांगल्या मांडणीत ही जवारी गायकाच्या मागे मंद पडद्यासारखी ऐकू येते; वाईट मांडणीत नुसती झिणझिण उरते.

मूळ ध्वनिमुद्रणात जे उतरलेच नाही ते कुठलाही स्टिरिओ देऊ शकत नाही, हे खरे. पण जे उतरले आहे त्यातले बरेचसे आपण घरात सोफा आणि भिंत यांच्यामध्ये हरवतो. तेव्हा नवीन स्पीकर्सची ऑर्डर देण्याआधी एक शनिवार फर्निचर हलवण्यात घालवा. घरचे थोडे कुरकुरतील, पण गाणे सुरू झाल्यावर तेही जवळ येऊन बसतील.