हवेत गाडी, जमिनीवर पाय!

अमेरिकेतले कारवेडे घरच्या गॅरेजमध्ये काय बसवतात, माहीत आहे का? चक्क टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट! बटण दाबलं की दीड टनाची गाडी डोक्याच्या वर. खाली आरामात उभं राहा, ऑइल बदला, ब्रेक तपासा. पण गाडी उचलणं हा या शोचा फक्त ट्रेलर आहे. पिक्चर सुरू होतो पुढे: उचललेली गाडी वरच कशी राहते?

सलूनमधून थेट गॅरेजात

मेम्फिसचे पीटर लुनाटी यांनी सलूनमधली वर-खाली होणारी खुर्ची पाहिली आणि डोक्यात ट्यूब पेटली! गिऱ्हाईक वर जातं, मग गाडी का नाही? १९२५ मध्ये हायड्रॉलिक कार लिफ्टचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. जाता जाता: पहिलं सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकान, पिगली विगली, हेही मेम्फिसचंच. साल १९१६. आयडियांचं होलसेल मार्केटच म्हणा!

पास्कलची पॉवर

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात मांडलेला हा नियम शाळेत घोकलाय ना? लिफ्ट त्याच्यावरच चालते. तुमच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो ३०-३५ पीएसआय. लिफ्टच्या तेलात तो २,००० च्याही पुढे जातो!

आधी लॉक करा!

आता सगळ्यात मोठं सरप्राइज. गाडीखाली काम चालू असताना तिचं वजन तेलानं पेलायचंच नसतं! लिफ्ट वर जाताना 'खट्-खट्' आवाज येतो ना, ते स्टीलचे सेफ्टी लॉक असतात. गाडी हव्या त्या उंचीवर नेली की ती किंचित खाली उतरवायची आणि दोन्ही खांबांच्या लॉकवर टेकवायची. होज फुटू शकतो, सील गळू शकतं. स्टील गळत नाही! पण एकच बाजू लॉकवर बसली, तर गाडी तिरकी होते. म्हणून नजर दोन्हीकडे. लॉक केल्याशिवाय खाली पाऊल नाही.

एकदम ठोस माहिती

दोन खांबांच्या लिफ्टचा अर्धा जीव तुमच्या फरशीत असतो, माहीत आहे का? १०,००० पौंडांच्या लिफ्टला साधारणपणे किमान ४ इंच जाडीचं, ३,००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट लागतं. नवीन ओतलं असेल तर २८ दिवस थांबा. घाई नको!

एवढे नखरे कशाला? काँक्रीट दाबाला पैलवान, पण ताणाला एकदम नाजूक. आणि गाडीचा तोल एका बाजूला झुकला की अँकर बोल्ट नेमके वर खेचले जातात. म्हणून भेगेजवळ किंवा स्लॅबच्या सांध्याजवळ बोल्ट ठोकायचे नाहीत. डांबरावर तर नाहीच नाही!

ड्रिल थांबवा!

टेक्सास-कॅलिफोर्नियात अनेक घरांच्या स्लॅबमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबल असतात. बोल्टसाठी भोक पाडताना ड्रिलनं त्यातली एक तुटली, तर ती जबरदस्त ताकदीनं उसळू शकते. म्हणून कित्येक गॅरेजांच्या फरशीवरच ठसा असतो: पोस्ट-टेन्शन स्लॅब, कापू नका! सल्ला देणारी फरशी पाहिली होती कधी?

हात वर करणारी, पण कामाची!

माणसानं हात वर केले की काम बंद. लिफ्टनं हात वर केले की काम सुरू! हात चार, आणि हिशेब रोखठोक. १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोची लिफ्ट असेल, तर प्रत्येक हाताच्या वाट्याला २,५०० पौंड, साधारण १,१३४ किलो. त्यामुळे पुढे जड डिझेल इंजिन असलेला पिकअप एकूण वजनात पास, पण पुढच्या हातांवर नापास होऊ शकतो!

दार उघडा, दार!

काही लिफ्टचे खांब समोरासमोर नसून थोडे तिरके वळवलेले का असतात? म्हणजे गाडी थोडी मागे उभी राहते आणि दार खांबावर आपटत नाही. अशा 'असिमेट्रिक' लिफ्टमध्ये वजनाची विभागणी साधारण ३०-७० ठेवतात: ३० टक्के खांबांच्या पुढे, ७० टक्के मागे.

इंजिन गेलं, तोल गेला

पोर्शे ९११ चं इंजिन मागे असतं. लिफ्टवर ते काढलं की गुरुत्वमध्य झटक्यात पुढे सरकतो. गाडी तीच, लिफ्ट तीच, गणित मात्र बदललं! म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स काढण्याआधी उंच स्टँडचा आधार मस्ट.

इलेक्ट्रिक कारचा फंडा आणखी वेगळा. टेस्ला मॉडेल एसच्या पोटाखाली सुमारे अर्ध्या टनाची बॅटरी असते. लिफ्टच्या हातावरचा पॅड चुकून तिच्यावर टेकला, तर बॅटरीला इजा! कंपनीनं दिलेल्या लिफ्ट पॉइंटवरच पॅड लावा.

छप्पर फाडके? नको!

बऱ्याच टू-पोस्ट लिफ्टचे खांब ११-१२ फूट उंच असतात. आधी छत मोजा, मग ऑर्डर द्या. छत बुटकं असेल, तर केबल जमिनीलगतच्या प्लेटखालून नेणारी लिफ्ट मिळते. आणि वर नेण्याआधी डिकी बंद आहे ना, बघा. उघड्या डिकीचं आणि छताचं जमत नाही!

मुंबईकर, तुम्हीही यात आहात

सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये एकावर एक गाड्या पाहता ना? तिथंही वरच्या गाडीसाठी यांत्रिक लॉक हवाच. साध्या दुमजली स्टॅकमध्ये वरची गाडी उतरवायची, तर आधी खालची काढावी लागते. म्हणजे शेजाऱ्याशी तोलही सांभाळायचा!

पन्नाशी नाही, पंच्याहत्तरी पार!

अमेरिकेत लिफ्टच्या सुरक्षेसाठी खास संस्था आहे, माहीत आहे का? ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट, स्थापना १९४५. चाचणीत पास झालेल्या लिफ्टवर तिचं सोनेरी लेबल झळकतं. खरेदी करताना आधी ते शोधा, डिस्काउंट नंतर! आणि दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्या.

शेवटचे दोन नियम, सगळ्यात वजनदार

एक: गाडी जमिनीपासून जेमतेम काही इंच उचला, थांबा आणि बंपरला धरून हलवून पाहा. डुगडुगली तर खाली घ्या, पॅड नीट लावा. मिनिटभराचं काम!

दोन: गाडी घसरू लागली, तर तिला सावरायला जाऊ नका. पळा! आणि पळायची वाट मोकळी हवी, म्हणून लिफ्टभोवती खोकी, सायकली, जुने टायर रचू नका. गाडी नवी घेता येते. तुम्ही लिमिटेड एडिशन आहात!